तातडीच्या अर्जावर पुढची तारीख

२ फेब्रुवारी २०२५, रविवार. संध्याकाळ.
आज आयुष्याला दिशा मिळाली. वकील संघाच्या हॉलमध्ये मुंबईच्या एका सीनियर साहेबांचं व्याख्यान. विषय : कमर्शियल लिटिगेशनमधलं करिअर. साहेबांच्या कोटाला एक सुरकुती नाही. म्हणाले, आता जिल्ह्याजिल्ह्यात व्यापारी वादांसाठी वेगळी कोर्टं आहेत, पण तिथे तयारीने उभा राहणारा वकील सापडत नाही. मी मान वर केली तर साहेब थेट माझ्याकडेच बघत होते. (माझ्या डोक्यावर भिंतीवरचं घड्याळ होतं. पण तरी.)

चोवीस वर्षं झाली धुळ्यात प्रॅक्टिस करून. बांधाचे वाद, चेक बाउन्स, भाडेकरू. खरं सांगायचं तर दमलोय. कोर्टात नाव आहे, पण कशासाठी? तारीख घ्यावी तर शालिग्राम वकिलांनी! कापडण्याचे भटू आबा बांधाच्या दाव्यात माझे जुने पक्षकार. दर वेळी बाहेर उभे राहून विचारतात, तारीख भेटनी का? भेटली म्हटलं की म्हणतात, मंग बठ्ठं काम व्हयनं, म्हणजे सगळं काम झालं, आणि टोपी नीट करून स्टँडकडे चालू लागतात. समाधानी माणूस आहे. पण मी एवढ्यावरच संपायचं का?

ठरलं. कमर्शियल लाइन. तीन वर्षांत जळगाव, नाशिक, मग हायकोर्ट.

व्याख्यानाचा उत्तरार्ध ‘दावा लावण्याआधी काय करावे’ असा होता. पण तेव्हाच बाहेर जेवणाची रांग लागली. वरण-बट्टी, घोटलेल्या वांग्यांची भाजी. बट्टी गार झाली की दगड. पुनमने नोट्स घेतल्या असतील. पुनम माझी ज्युनियर, वरणगावची. हुशार आहे, अनुभव नाही.

५ फेब्रुवारी.
पाटी रंगवून आणली : ‘कमर्शियल दाव्यांचे तज्ज्ञ’. पुनम म्हणाली, सर, वकिलाला पाटीवर असं लिहिता येत नाही, नियम आहे. नियम मला माहीत होता. तिला माहीत आहे का ते बघत होतो. पाटी आता केबिनच्या आत, माझ्या खुर्चीसमोर. बाहेरच्यांना दिसत नाही, पण मला दिवसभर दिसते. प्रेरणा महत्त्वाची.

उद्यापासून पहाटे पाचला उठून कमर्शियल कोर्ट्स ॲक्टचं वाचन.

६ फेब्रुवारी.
थंडी फार. सोमवारपासून.

११ फेब्रुवारी, मंगळवार.
नशीब बघा. पहिला कमर्शियल क्लायंट स्वतःच्या पायाने आला! सत्तारभाई. अवधान एमआयडीसीत पुठ्ठ्याच्या खोक्यांचा कारखाना. सोबत मुलगी तबस्सुम, कारखान्याचं सगळं तीच बघते. फैजपूरचे जीवरामनाना केळी परदेशी पाठवतात, ती सगळी केळी सत्तारभाईंच्या खोक्यांत भरायची असा दोघांचा लेखी करार. नानांनी जानेवारीत गुजरातची खोकी घेतली. तेव्हापासून ऑर्डर नाही, फोन नाही.

सत्तारभाई म्हणाले, वकीलसाब, एक मशीन बंद ठेवलंय, तीस माणसं आहेत, केळीचा सीझन गेला तर मी त्यांना काय सांगू? हे सांगताना त्यांनी मान खाली घातली. मी म्हणालो, मी आहे ना. म्हणताना मलाही बरं वाटलं.

पुनमने मध्येच विचारलं की नानांना तुम्ही फोन केला का. सत्तारभाई म्हणाले, त्यांनी करायला पाहिजे होता, चूक त्यांची आहे. मी पुनमला डोळ्यांनीच दटावलं. फोनवर प्रश्न सुटायला लागले तर वकिलांनी काय केळी विकायची?

१४ फेब्रुवारी.
नोटीस गेली. पुनमचा मसुदा आठ-दहा ओळींचा होता. जणू लग्नाची आमंत्रणपत्रिका! मी सतरा परिच्छेद केले. ‘अप्रामाणिक’, ‘कपटी’, ‘दुष्ट हेतूने’ हे शब्द ठळक अक्षरांत. पुनम म्हणाली, सर, ‘कपटी’ काढूया का, त्यांचा बारा वर्षांचा व्यवहार आहे. मी तिला समजावलं, नोटीस म्हणजे मिरचीचा ठेचा, डोळ्यांत पाणी नाही आलं तर तो ठेचा कसला. सौ.ला वाचून दाखवली. ती भाकरी थापत होती. म्हणाली, तुम्हाला कुणी असं लिहिलं असतं तर? तिला कमर्शियल लाइन कळत नाही.

२४ फेब्रुवारी.
नानांचं उत्तर नाही. घाबरले असणार.

पहाटेचं वाचन : कलम २ पर्यंत. मग डोळा लागला. व्याख्या फार आहेत.

२७ फेब्रुवारी.
पुनमने अडचण काढली. कमर्शियल कोर्टात थेट दावा लावता येत नाही म्हणे. आधी मध्यस्थाकडे जायचं, तिथे मिटलं नाही तर मग कोर्ट. फक्त तातडीचा अंतरिम हुकूम हवा असेल तरच मध्यस्थीतून सूट. मी म्हटलं, मग तातडी आहेच! सीझन चालू आहे. मध्यस्थी वगैरे ज्यांना कायदा येत नाही त्यांच्यासाठी. अर्जात ‘अत्यंत तातडीचे’ हे शब्द मी स्वतःच्या हाताने तीन ठिकाणी घातले. जीवरामनानांना दुसऱ्याची खोकी घ्यायला ताबडतोब मनाई व्हावी.

पुनमने युक्तिवादाच्या नोट्स काढून दिल्या. आदल्या दिवशी वाचीन. ताज्या राहतात.

३ मार्च.
नाना जळगाव जिल्ह्यातले, म्हणून जळगावला दावा दाखल. एसटीने गेलो. पारोळ्याला चहा, एरंडोलला पाय मोकळे. खिडकीतून बघत विचार करत होतो, एक दिवस याच रस्त्याने स्वतःच्या गाडीतून येईन. मग शेजारच्या बाईचं पोर माझ्या खांद्यावर झोपलं. कोटाला लाळ.

रमजान सुरू झालाय. सत्तारभाई रोजा ठेवून आले होते. बोलता बोलता म्हणाले, दर रमजानला पहिल्याच रोज्याला नाना मोहल्ल्याच्या इफ्तारीसाठी केळीची गाडी पाठवतात. यंदा नाही आली. खोक्यांपेक्षा त्यांना हेच जास्त लागलेलं दिसलं. मी म्हटलं, हाही मुद्दा दाव्यात घालू का? ते नको म्हणाले.

११ मार्च.
उद्या सुनावणी. पुनमच्या नोट्स वाचायला घेतल्या. भटू आबा आले, तास बसले. मग सौ.ने गॅस सिलिंडर लावायला सांगितलं. बसमध्ये वाचू. प्रवास असाही फुकट जातो.

१२ मार्च, बुधवार.
बसमध्ये उभं राहावं लागलं.

घटना जशी घडली तशी लिहितो. पुकारा झाला. समोर नानांचा वकील, कालचा पोरगा, पण फाइलमध्ये रंगीत चिठ्ठ्या. जजसाहेबांनी मला सांगितलं, कराराच्या कोणत्या कलमावर मनाई मागता तिथून सुरू करा. करार माझ्या हातातच होता. पानं उलटली. पुनम मागून आकडा सांगत होती, पण नळाखाली भांडं ठेवल्यावर ऐकू येतं तसं ऐकू आलं. आणि चोवीस वर्षांची जीभ. माझ्या आधीच ती उभी राहिली : प्रे फॉर टाइम, सर.

साहेबांनी विचारलं, अर्ज कोणाचा? म्हटलं, आमचा. अत्यंत तातडीचा? होय. आणि तारीख कोण मागतंय? मी मागे बघितलं. मागे सत्तारभाई होते. हात जोडून उभे.

समोरच्या पोराने तर तोंडही उघडलं नव्हतं. त्याची गरजच पडली नाही. साहेबांनी नोंद केली की वादीलाच घाई नाही, तातडी फक्त मध्यस्थी चुकवण्यापुरती दिसते. दावा नामंजूर. आधी मध्यस्थीला जा.

माझं मत : समोरच्याला गाफील ठेवण्याची ही खेळी होती, निकाल थोडा घाईत लागला. बाहेर आल्यावर तबस्सुमने एवढंच विचारलं, सीझन संपल्यावर हुकूम मिळाला तर त्याचं आम्ही काय करायचं? मी म्हणालो, कायद्याचे हात लांब असतात. ती म्हणाली, आमच्या कारखान्यापर्यंत पोचतील ना? आणि वडिलांना घेऊन निघून गेली. सत्तारभाईंनी रोजा असताना दोन तास उभं राहून माझा पराक्रम पाहिला. वाईट वाटलं. फार.

घरी सौ.ने विचारलं, काय झालं? म्हटलं, तारीख मिळाली नाही. ती चमकून बघत राहिली. लग्नानंतर हे वाक्य तिने पहिल्यांदाच ऐकलं.

१७ मार्च.
पुनमने मध्यस्थीचा अर्ज करून टाकला, सत्तारभाईंना फोन करून समजावलंही. मी होकार दिला. कमर्शियल लाइनमध्ये लवचीकता लागते.

मध्यस्थीत बोलायचं भाषण तयार करतोय. सुरुवात संस्कृत वचनाने.

२६ मार्च, बुधवार.
जळगाव. मध्यस्थ म्हणजे एक वयस्कर वकीलबाई. अतिशय आदराने वागल्या. माझी पहिली ओळ झाली आणि म्हणाल्या, वकीलसाहेब, तुम्ही जरा बाहेर बसता का, आधी यांना दोघांना बोलू द्या. नानांच्या वकिलालाही बाहेर काढलं. आम्ही दोघं बाकावर. त्याने मला शेंगदाणे दिले. बरा आहे पोरगा.

थोड्या वेळाने पुनमला आत बोलावलं, कराराचं कलम वाचायला. मला नाही. सीनियर माणसाला किरकोळ कामासाठी त्रास देऊ नये म्हणून.

आत आधी आवाज चढले. मग हसू. हसण्याला आमच्या धंद्यात मोल नाही.

पुनमने बाहेर येऊन सांगितलं ते असं. जानेवारीत सत्तारभाईंचं मशीन बिघडलं, खोक्यांना चार दिवस उशीर झाला. नानांची माल भरायची वेळ आलेली, म्हणून एक ट्रक खोकी गुजरातहून मागवली. पुढची ऑर्डर ते धुळ्यालाच देणार होते. तेवढ्यात माझी नोटीस पोचली. नानांनी ती घडी करून खिशात आणली होती. म्हणाले, बारा वर्सं याच्या घरी ईदचा शिरखुर्मा खाल्ला मी, अन्‌ यानं मले कपटी म्हणावं? सत्तारभाई म्हणाले, नाना, मी नाही म्हणालो, माझ्या वकिलाने म्हटलं. मग दोघांनी मिळून दाराकडे पाहिलं. दाराच्या या बाजूला मी होतो.

नानांसमोर चहा आला, त्यांनी तो परत पाठवला. सत्तारभाईंना रोजा आहे म्हणून. एवढं झाल्यावर मिटायला काय वेळ.

बाहेर पडताना नानांनी मला नमस्कार केला आणि विचारलं, तो सतरा कलमांचा लेख तुम्हीच लिहिला का? म्हटलं, हो. म्हणाले, भाषा जबरी आहे हो तुमची. मी आभार मानले. बसमध्ये पारोळ्याच्या पुढे गेल्यावर शंका आली.

२८ मार्च.
फैजपूरहून गाडी आली, मोहल्ल्यात केळी वाटली. उशिरा, पण दुप्पट. कारखान्याचं बंद मशीन सुरू. तबस्सुमने ऑफिसला एक फणी आणून दिली. पुनमच्या टेबलावर ठेवली. मी दोन खाल्ली.

एकूण हिशोब केला तर केस आपणच जिंकली. क्लायंटला हवं होतं ते मिळालं. नोटीस नसती तर दोघं एका खोलीत आलेच नसते. हे लिहिल्यावर जरा बरं वाटलं. पुन्हा वाचल्यावर तितकं नाही.

९ एप्रिल.
पुनमने नवा करार लिहिला, दोन्ही बाजूंनी सह्या केल्या. त्यात एक कलम असं की काही वाजलं तर आधी दोघांनी फैजपूर किंवा धुळ्यात समोरासमोर बसून जेवायचं, त्यानंतरच वकिलाकडे जायचं. मी म्हटलं, हे कलम कायद्यात बसणार नाही. पुनम म्हणाली, सर, दोघांनी हट्टाने घालायला लावलंय.

१५ एप्रिल.
पुनमने सांगितलं, ती जळगावला ऑफिस घेतेय, कमर्शियल मॅटरसाठी. सत्तारभाई आणि नाना, दोघांची कामं मिळालीत. मी उदारपणे आशीर्वाद दिला. मोठ्या फर्मच्या शाखा अशाच निघतात. धुळे हेड ऑफिस, जळगाव ब्रँच. पाटी आता बाहेर लावायला हरकत नाही.

३० एप्रिल, आखाजी (अक्षय्य तृतीया).
पुनमच्या ऑफिसचं उद्‌घाटन. सौ.सह गेलो. दारावर पाटी : तिचं एकटीचं नाव. दोनदा वाचली. ‘ब्रँच’ वगैरे काही नाही. सौ.ने माझा हात हळूच धरला. बऱ्याच दिवसांनी.

फीत माझ्या हातून कापली. पुनम पाया पडली, तिचे वडील डोळे पुसत होते. नाना आणि सत्तारभाई एका सोफ्यावर बसून आमरस खात होते. मला खुर्ची दिली, वाटी दिली. पोरीचं चांगलं झालं याचा आनंद झाला. खरंच झाला. त्याच्या शेजारी दुसरंही काहीतरी होतं, त्याचं नाव लिहीत नाही.

निघताना पुनम जिन्यापर्यंत आली. चाचरत म्हणाली, सर, धुळ्यातही माझे काही मॅटर असतील. दर वेळी येणं जमणार नाही. काही दिवशी नुसती तारीखच घ्यायची असेल, तर तेवढ्यापुरते तुम्ही उभे राहाल का? दर तारखेची फी देईन. तुमच्याइतकं ते कुणाला जमत नाही, सर.

ती हे मनापासून म्हणत होती. मी म्हटलं, डायरी बघून सांगतो.

बसमध्ये डायरी काढली. मे महिना कोरा. जून कोरा. एरंडोल यायच्या आधी फोन करून हो म्हणालो.