पालथा पुतळा

४ ऑक्टोबर १९९९, बारामती
दूध संघाच्या चेअरमनना माझ्या संगणक वर्गाची खोली हवी आहे. पशुखाद्याची पोती ठेवायला. पोती निदान गोंगाट करत नाहीत, हे मान्य. दसऱ्यानंतरच्या सभेत आमच्या संगणकातला फेटेवाला पुतळा नाचून दाखवेल. मग पाहू खोली कोण मागतो.

६ ऑक्टोबर
भाच्याने पुण्याहून सीडी आणली. परदेशात एका माणसाच्या अंगभर टिकल्या चिकटवल्या, तो नाचला, कॅमेऱ्यांनी टिकल्या टिपल्या. ती हालचाल फाइलमध्ये आहे. आमच्या पुतळ्यात उतरवायची, इतकेच. मॅन्युअल कपाटात ठेवले. उद्या दुपारपर्यंत काम संपेल.

७ ऑक्टोबर, दुपार
फाइल घेताना सॉफ्टवेअर विचारते, वरची दिशा Y की Z? बी.एस्सी.ला भूमिती पहिल्या वर्गात काढली आहे. वर Z. पुतळा धाडकन पालथा पडला. सॉफ्टवेअर कच्चे आहे.

११ ऑक्टोबर
अजून पालथाच. पालथा पडूनच नाचतो, विहिरीत पोहणाऱ्यासारखा. वर्गात माझ्याबरोबर शिकवणारी सुकन्या म्हणाली, "बाई, निस्तं Y दाबून बगायचं का?" मी विचारले, उद्या दोन आणि दोन पाच म्हणायचे का? ती म्हणाली, "पाच म्हनून उभा ऱ्हात आसंल तर म्हनू की." हल्लीच्या मुलींना तत्त्व नाही.

१५ ऑक्टोबर
पुतळा बदलला. फेटा काढला, वजनाने पडत असेल म्हणून. फेटा परत घातला. संगणक बदलला. पालथा.

२१ ऑक्टोबर
उद्या सभा. पडद्यावर तो आपोआप उभा राहील. मोठ्या पडद्यावर गोष्टी वेगळ्या दिसतात.

२२ ऑक्टोबर, रात्र
नाच सुरू होण्याआधीच संगणक अडकला. पडद्यावर पुतळा पालथा, दोन्ही हात डोक्यापुढे, फेटा थेट चेअरमनांकडे. मग टाळ्या. चेअरमन सर्जेरावतात्या उठले, डोळे पुसले. म्हणाले, "बाई, हितं इतकं संचालक हायती, पर असा साष्टांग दंडवत आजवर कुणी घातला न्हाय." मागून कुणीतरी ओरडले, "फेटासुदीक न्हाय पडला, तात्या!" विनम्रतेबद्दल मला शाल आणि नारळ. खोली माझ्याकडेच.

२३ ऑक्टोबर
सुकन्याने सकाळी माझ्यादेखत Y दाबले. पुतळा उभा राहिला आणि झकास नाचला.
ताबडतोब पाडायला सांगितला. सोमवारी तात्या कुटुंबासह दंडवत पाहायला येणार आहेत.