अधिक महिना मोजायचा नसतो

॥ श्री तुळजाभवानी प्रसन्न ॥

तुळजापूर,
१२ जानेवारी २०२५

चि. सौ. मैथिलीस, तात्यांचे अनेक आशीर्वाद.

तुझी विमलआत्या शेजारी बसून तिळाचे लाडू वळते आहे आणि मी पत्र लिहितो आहे. फोनवर तू एक बोलतेस आणि मी भलतंच ऐकतो. परवा तू देवश्रीची परीक्षा म्हणालीस, मी देवीची प्रदक्षिणा ऐकलं आणि कुणी घातली म्हणून विचारत बसलो. विमल पोट धरून हसली. कान गेले तरी डोळे शाबूत आहेत, तेव्हा पत्रच बरं.

हॉलंड सोडून इंग्लंडात येऊन तुम्हाला पाच वर्षं उलटली. कायम राहण्याच्या कागदासाठी तू अर्ज केला होतास, त्याचं काय झालं? समोरच्या कल्याणप्पांनी मला विचारलं की इंग्लंडनं युरोप सोडला म्हणजे नेमकं काय केलं. मी सांगितलं, एकत्र कुटुंबातला एक भाऊ वेगळा निघाला. आधी मधल्या दारानं जा-ये होती, ते दार त्यानं चिणलं. आता रस्त्यावरून वळसा घालून कडी वाजवायची. अनिरुद्धरावांनी हॉलंडचं नागरिकत्व घेतलेलं, म्हणून तुम्ही दार उघडं असताना आत आलात. त्यावर कल्याणप्पा म्हणाले, आत आलेल्या पावण्याला आता राहा म्हनत्यात का जा म्हनत्यात, तेवढं इचारा पोरीला.

माझे वडील निजामाच्या राज्यातून सोलापूरला जायचे तेव्हा वाटेत करोडगिरीचं नाकं लागायचं. गाठोडं सोडून दाखवा, जकात भरा, मगच पुढं. ते नाकं उठलं तेव्हा त्यांना वाटलं होतं, ही भानगड जगातूनच गेली. भाबडा माणूस.

उन्हाळ्यात येतेस ना? तुझी आई गेल्यापासून दोन माणसांचं घर आहे. विमल आणि मी दिवसभर एकमेकांच्या चुका काढतो. तिसरं माणूस हवं आहे.

जावईबापूंना नमस्कार, देवश्रीला आशीर्वाद. माया आहेच, ती पत्रातूनही येऊ दे.

तुझे,
तात्या


अॅशफर्ड,
९ फेब्रुवारी २०२५

ती. तात्यांस, मैथिलीचा शि. सा. नमस्कार. वि. वि.

पत्र पोचलं. प्रदक्षिणेचा किस्सा देवश्रीला सांगितला, ती आता परीक्षेला प्रदक्षिणाच म्हणते.

लपवून काय करू? माझा अर्ज नाकारला. काही कागद अपुरे होते. वकिलांमार्फत फेरविचाराची विनंती करतो आहोत. निकाल लागेपर्यंत देशाबाहेर जाऊ नका, गेलात तर परत घेतीलच असं नाही, असं त्यांनी बजावलं आहे. म्हणून उन्हाळ्यात येणं नाही. हे वाक्य चार वेळा लिहून चार कागद फाडले, तात्या.

अनिरुद्धच्या कंपनीचंही बिनसलं आहे. हॉलंडची फुलं आणि भाजी इथं आणायचं त्यांचं काम. पूर्वी सकाळी निघालेला ट्रक संध्याकाळी इथं उतरायचा. आता कागदांची भेंडोळी, तपासणी, एक शिक्का चुकला की ट्रक आवारात उभा. फुलं काय, शिक्क्याची वाट बघत ताजी राहतात होय? तिकडच्या लहान बागायतदारांनी माल पाठवणंच सोडलं. इथलं गोदाम बंद होतंय. गोदामात काम करणारी निम्मी माणसं घरी बसली. अनिरुद्धला रॉटरडॅमला घेतलंय. सोमवारी जातो, शुक्रवारी येतो. वेगळं निघण्याच्या बाजूनं मत देणारे शेजारचे आजोबा आता मला विचारतात की टोमॅटो इतके महाग का झाले. मी काय सांगू?

गेल्या वर्षी आम्ही हॉलंडला गेलो तेव्हा विमानतळावर देवश्री तिच्या बाबांच्या रांगेत आणि मी भारताच्या पासपोर्टवर दुसऱ्या रांगेत. ती सारखी मागं वळून बघत होती. मी हात हलवत होते. घरी येऊन रडले.

तुम्ही काळजी करू नका, असं लिहायचा रिवाज आहे म्हणून लिहिते. आत्याला नमस्कार. तुमचा लोभ आहे तोवर मी कुठंही राहीन.

तुमची,
मैथिली


॥ श्री ॥

तुळजापूर,
२ मार्च २०२५

चि. सौ. मैथिलीस, आशीर्वाद.

तू बापाला फसवायला गेलीस आणि नवऱ्याला सांगून ठेवायला विसरलीस. विमलनं अनिरुद्धरावांना फोन केला आणि कोणते कागद अपुरे पडले ते विचारलं. त्या सरळ माणसानं सरळ सांगितलं. कागद सगळे होते. पाच वर्षांत कधीही सलग सहा महिन्यांच्या वर बाहेर राहायचं नाही, अशी अट होती. आईच्या दुखण्यात तू तेवीस दिवस जास्त राहिलीस. त्या तेवीस दिवसांनी घात केला.

विमल माझ्यावर कडाडली. म्हणाली, दादा, पोरीचे दिवस तुम्ही मोजले होते, साऱ्या गावाला तिथ्या सांगता आणि लेकीच्या वेळंला कसे चुकलात.

तुला आठवत असेल. तू १० जून २०२३ ला तिथून निघालीस, ज्येष्ठ वद्य सप्तमी. डिसेंबर लागला तेव्हा आईच्या अंथरुणाशी बसून तू मला विचारलंस की तात्या, सहा महिने कधी भरतात. मी पंचांग उघडलं. यंदा श्रावण अधिक आहे, अधिक महिना मोजायचा नसतो, तेव्हा मार्गशीर्ष वद्य सप्तमीपर्यंत खुशाल राहा, असं मी तुला सांगितलं. म्हणजे ३ जानेवारी. तू मान हलवलीस आणि २ तारखेचं तिकीट काढलंस.

सोबत तहसीलबाहेर करून घेतलेलं प्रतिज्ञापत्र रजिस्टर पोस्टानं पाठवतो आहे. मी, पिढीजात पंचांग सांगणारा माणूस, चांद्रमासानं दिवस मोजले आणि चुकीनं मुलीला गैरसमजात ठेवलं, असं त्यात लिहिलं आहे. वकिलांना दे. अजाणता झालेली चूक म्हणून तिथले साहेब कदाचित पोटात घालतील. सही करताना कारकुनानं मान वर करून बघितलं. त्याच्या मुलीच्या लग्नाची तिथी मीच काढली होती.

आता जे त्या कागदात नाही ते लिहितो. मैथिली, मी चुकलो नव्हतो. तेहेतीस वर्षं शाळेत कारकुनी केली. मास्तरांच्या रजा मी तारखेनं मोजल्या, तिथीनं नव्हे. साहेबाचे सहा महिने १० डिसेंबरला भरतात हे मला तेव्हाच कळत होतं. पण तुझी आई दिवसातून दहा वेळा मैथिली हाय न्हवं म्हणून विचारायची, आणि डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन आठ-पंधरा दिवसच आहेत असं सांगितलं होतं. मी धर्माचा आधार घेऊन खोटं बोललो. त्यापायी तुझं घर मोडायला आलं. मला माफ कर असं लिहायची लाज वाटते, म्हणून लिहीत नाही.

तिथ्या विचारायला येणाऱ्यांना हल्ली दुसरीकडं पाठवतो. पत्राचं उत्तर दे. रागाचं असलं तरी दे.

तुझा,
तात्या


अॅशफर्ड,
२९ मार्च २०२५

ती. तात्यांस, शि. सा. नमस्कार. वि. वि.

तुमचं पत्र वाचून राग आला. लई आला. तो तुमचा नव्हे, माझा आला. कारण सव्वा वर्ष तुम्ही हे ओझं एकटे वाहत होता आणि मी तुम्हाला वाहू दिलं.

तात्या, मीही चुकले नव्हते. निघताना अनिरुद्धनं माझ्या पासपोर्टच्या आत चिठ्ठी घातली होती, त्यावर १० डिसेंबर ठसठशीत लिहिलं होतं. तुम्हाला विचारलं तेव्हा ती चिठ्ठी मी वाचलेली होती. कुणातरी वडीलधाऱ्यानं राहा म्हणावं, एवढ्यासाठी विचारलं. तुम्ही अधिक महिन्याचं काढलंत तेव्हा मला रडू फुटलं होतं. तुम्हाला वाटलं आईमुळे.

आई १९ तारखेला गेली. दहाला निघाले असते तर माझ्या हातचं शेवटचं पाणी तिला मिळालं नसतं. तेरावं करून मी निघाले. ते तेवीस दिवस कुणी परत मागितले तर मी देणार नाही.

वकीलबाई तुमच्या प्रतिज्ञापत्रावर खूश होत्या. वडिलांचा गैरसमज, वेगळं कॅलेंडर, हे साहेबांना पटण्यासारखं आहे, केस उभी राहील, असं त्यांचं म्हणणं. अनिरुद्धनं मला रात्रभर विचार करायला सांगितलं. केला. तुमचा कागद मी लावला नाही. तुमच्या पंचांगाला खोटं पाडून मला या घरात राहायचं नाही. वकीलबाईंनी डोक्याला हात लावला आणि आता आशा धरू नका म्हणाल्या. देवश्रीची शाळा संपली की बहुधा रॉटरडॅमला जाऊ. तिथंही कागद, रांगा, नवी भाषा. तुमच्याकडं कधी येता येईल ते आत्ता सांगू शकत नाही. तुम्हाला एकटं पाडते आहे, कळतं मला.

उद्या पाडवा. तिथी विचारायला लोक आले तर परत पाठवू नका. एवढं माझं ऐका.

देवश्रीचा साष्टांग, आत्याला नमस्कार. रागावलात तरी मायेत ठेवा.

तुमची,
मैथिली

ता. क. फेरविचाराच्या फॉर्मवर मुदतीपेक्षा जास्त बाहेर राहण्याचं कारण लिहायला जागा होती. मी लिहिलं: तारीख मला माहीत होती. आई जात होती. म्हणून राहिले.