लिसिआतेच्या मापाचा ट्यूबा

३ ऑगस्ट, रविवार
रविवारी काम करायचं नाही. लिहिणं काम नव्हे. प्रार्थनेनंतर ठरवलं : ह्यांचा जुना ट्यूबा, बँडमधलं ते फुंकायचं मोठं पितळी वाद्य, दुरुस्त करायचा. सप्टेंबरअखेर आमच्या चर्चला पंचाहत्तर वर्षं होतात, हे गेल्यापासून बँडमध्ये ह्यांची खुर्ची रिकामी आहे. मुलगा लिसिआते ऑकलंडहून येऊन वाजवेल. फोनवर 'बघू' म्हणाला. आमच्या घरात 'बघू' म्हणजे होच. ह्यांनीही बघू बघू म्हणत शेवटी छप्पर घातलंच होतं.

५ ऑगस्ट
पितळ हिरवं पडलंय. आत गांधीलमाशीचं घर. लिंबू आणि राखेने घासलं. विकतचं पॉलिश कशाला?

९ ऑगस्ट
कळांना खोबरेल घातलं. तिन्ही अडकून बसल्या. सिओसाइआ होड्या दुरुस्त करतो, त्याने खोलून धुतल्या. म्हणाला, मावशी, हे वाद्य आहे, नारळाच्या दुधातलं अळूच्या पानांचं लू नव्हे. ह्या माणसाला स्वयंपाकातलं काही कळत नाही.

१९ ऑगस्ट
आज मोठं काम. फुंकायची नळी सिओसाइआकडून कापून खाली बसवली, लिसिआतेच्या मापाने. माप त्याच्या शाळेच्या शर्टावरून घेतलं. शेजारची लोसालिने म्हणे, तो पंधराचा असताना गेला, आता सव्विशीचा आहे. तिकडे पोरांना धड खायला मिळत नाही, वाढणार कुठून? फोटोत तर नेहमी बसलेलाच असतो.

६ सप्टेंबर
ट्यूबा सोन्यासारखा झाला. कुणीतरी बघावा म्हणून नणंदबाईंना, मेलिआमेंना, जेवायला बोलावलं. चूक नव्हती, पाहुणचार होता.
त्या खाडीपलीकडे राहतात. वाद्याभोवती दोनदा फिरल्या. मग म्हणाल्या, "वहिनी, आमच्या चर्चमध्ये हा किती शोभेल."
भावाच्या घरातली वस्तू थोरल्या बहिणीने मागितली की नाही म्हणायची सोय नाही. चटईत मीच गुंडाळून दिला. वर दोन सुरण.
उत्सवाआधी परत करतील. देवाला माणसं पारखता येतात.

२१ सप्टेंबर, रविवार
लिसिआतेचा फोन. तिकीट काढलं! मी म्हटलंच होतं.
आत्याने बोलावलंय. त्यांच्या चर्चचा उत्सवही त्याच रविवारी निघाला. वाजवायचं तिथे, राहायचंही तिथेच. आत्याचा शब्द भाच्याने मोडायचा नसतो. मीच शिकवलंय. लोसालिनेला सांगितलं, माझ्यासाठी येतोय. अर्धं खरं आहे.

२८ सप्टेंबर, रविवार
भट्टीत लू लावलं, दोघांपुरतं, कुणी सांगावं. आमच्या बँडने ह्यांची खुर्ची काढून कोपऱ्यात ठेवली. रविवारी बस नसते. प्रवचनानंतर खाडीकाठी उभी राहिले. वारा उलटा होता. चांगलंच वाजवलं असणार.

२९ सप्टेंबर, सोमवार
सकाळी आला. दारातून वाकून आत आला. छातीशी माझं डोकं लागलं. मान एका बाजूला वळत नव्हती. काल तीन तास त्या नळीपुढे दुमडून बसला होता.
विचारलं, दुखतं का रे?
"नाही आई. माझ्यासाठी केलंस, हे ओळखलं मी."
मान चोळून दिली. कालचं लू गरम करून वाढलं, अर्धं खाल्लं. चटईवर टेकला तो झोपलाच. पाय चटईबाहेर. उठवलं नाही, माश्या वारत बसले. मग आत्याची गाडी आली, विमान दुपारचं होतं.
पुढच्या वर्षी येशील ना, विचारलं.
बघू, म्हणाला.