भैय्याजींच्या पाळीआधी

पुष्कर,

मी भैय्याजींना आणायला महाल भागात त्यांच्या घरी जातो आहे. सहापर्यंत येऊ. चहापत्ती संपली आहे, तेवढी आणून ठेव.

काल दुपारी स्वयंपाकघरात नंदिनी तुला म्हणाली, "बाबा मरतच नाहीत, म्हणून तर रोज जिंकून राहिले!" तू म्हणालास, "सांगू नको वं, खूश आहेत बिचारे." मी पाणी घ्यायला दाराशी आलो होतो, तसाच परतलो.

जुन्या कॉम्प्युटरवर जुन्या गेम चालवणारा तो एम्युलेटर टाकून तुझी लहानपणची व्हिडिओ गेम तूच मला सुरू करून दिलीस. या वयात काहीतरी जमलं, असं मला वाटत होतं. आज मेनूत 'चीट' सापडलं. त्यापुढे खूण असली की जीव संपतच नाहीत. ती काढून खेळलो. तिन्ही जीव पहिल्याच खड्ड्यात गेले. नऊ वेळा खेळलो, नऊही वेळा तेच.

खूण परत लावली आहे. कचेरीत भैय्याजी तीस वर्षं माझी टिपणं मोठ्यानं वाचून सगळ्यांना हसवायचे. मी गेम पूर्ण करतो हे त्यांना पटत नाही, म्हणून बघायला येत आहेत. बघू देत.

मग ते म्हणतीलच, "सरक गा, मी दाखवतो." तेव्हा मी त्यांना आधी चहाला गच्चीवर नेईन. तेवढ्या वेळात खूण काढून टाक. ते हरू लागले की मी कदाचित तुला ती परत लावायला सांगेन. सांगितलं तरी लावू नकोस.

बाबा