साठ पायऱ्या

दि. ४ जानेवारी

ती. दादास,
सा. न. वि. वि.

तू पाठवलेली व्यायामवाली बाई काल येऊन गेली. नऊ वर्षं माझी कंबर ठणकतेय, आणि ही म्हणते, खुर्चीतून पाच वेळा उठा नि बसा. मी म्हटलं, ते जमत असतं तर तुम्हाला कशाला बोलावलं असतं? हसली. म्हणाली, दुखतंय म्हणजे आत काही मोडतंय असं नाही, न हलण्यानेच अंग जास्त धरतं. वाईट दिवशी दोनदाच करा, पण शून्य नको, आणि बऱ्या दिवशी हौसेने वीस नकोत.

पाच केले आणि रडू कोसळलं. बांधणीला आलेली पुस्तकं तशीच पडलीत, खळ वाळून गेलीय. मला नाही जमायचं हे. आणि फोन का उचलत नाहीस रे?

माया पातळ होऊ देऊ नकोस.
तुझी चिमणी

दि. १० जानेवारी

चि. चिमणीस अनेक आशीर्वाद.

फोनवर तू थापा मारतेस. कागदावर खोटं लिहायला तुझा हात धजत नाही, म्हणून यापुढे पत्रच. आणि नाटकं पुरे. चाळीस वर्षं लोकांचे केस कापत उभा राहिलो, माझी पाठ काय मखमलीची आहे? आजपासून मीही करतो. रोज सकाळी सातला तू तिकडे, मी इकडे. मी मोठ्याने मोजेन.

आम्हाला या घरात येऊन चार वर्षं झाली, तू अजून आमचं दारही पाहिलं नाहीस. लिफ्ट नाही आणि पायऱ्या साठ आहेत. साठ चढता आल्या की ये, त्याआधी नको. अर्ध्यावर बसलीस तर उचलायला मी येणार नाही.

चिडलीस तरी पत्र टाक.
दादा

दि. २२ मार्च

ती. दादास,
सा. न. वि. वि.

चौतीस झाल्या! शेजारच्या इमारतीचा जिना चढते. दुखणं गेलेलं नाही, पण आता मागून येतं, पुढे उभं राहून अडवत नाही. मध्ये तीन दिवस फार वाईट गेले. तू मोजत असशील म्हणून दोनदा उठले-बसले, नाहीतर पांघरूण ओढून पडले असते. परवा उभ्याने एक पुस्तक शिवलं, दादा!

तुझं अक्षर कसलं रे, कोंबडीचे पाय! चष्मा बदल. जूनमध्ये येतेच.

वहिनीला नमस्कार, तुला धपाटा.
चिमणी

दि. २ मे

चि. चिमणीस आशीर्वाद.

हे पत्र ह्यांच्या नकळत लिहितेय. जूनची वाट पाहू नकोस. जमतील तेवढ्या पायऱ्या चढ, पण ये.

ह्यांच्या पोटात गाठ आहे. आता काही करण्यासारखं नाही, असं डॉक्टरांनी डिसेंबरातच सांगितलं. तुला कळवलं तर धावत सुटशील आणि पुन्हा अंथरूण धरशील, म्हणून मला शपथ घातली. फोनही त्यासाठीच बंद, आवाज पार खोल गेलाय. व्यायाम त्यांनी एक दिवसही केलेला नाही. पण सातला मला उशीला टेकवून बसव म्हणतात आणि तुझ्या नावाने वीसपर्यंत मोजतात. आताशा धाप लागते, मग पुढचं मी मोजते.

राग मानू नकोस, ये.
वहिनी

दि. ३० मे

ती. वहिनीस,
सा. न. वि. वि.

हात सवयीने ‘सौ.’ लिहून गेला, म्हणून तो कागद फाडून हा दुसरा घेतला.

त्या दिवशी तू दार उघडं ठेवलं होतंस. मी जिना चढत होते आणि वरून त्याचा खरखरीत आवाज धापा टाकत माझी पावलं मोजत होता. सेहेचाळीस, सत्तेचाळीस, अठ्ठेचाळीस, आणि समोर दार! मला वाटलं, त्याचं मोजणं चुकलं. तर म्हणतो कसा, वेडे, अठ्ठेचाळीसच आहेत, साठ सांगितल्या म्हणून इतक्या आरामात आलीस.

तेव्हा मी हसले गं. आता राग येतो. अठ्ठेचाळीस तर मी एप्रिलच्या मध्यालाच चढत होते. खरा आकडा सांगितला असता तर नऊच दिवस नसते मिळाले मला, महिना मिळाला असता. कुणावर ओरडू आता?

आज सकाळी सातला साठ पुऱ्या केल्या. अठ्ठेचाळीसपर्यंत त्याचा आवाज कानात होता. पुढच्या बारा मला एकटीला मोजाव्या लागल्या.

उद्यापासून सातला तू मोजशील?

तुझीच,
चिमणी