जुनी नोंद खरी

४ मार्च, मंगळवार

सापडल्या! नोंदणीच्या खिडकीवरच्या बाई. तीन दिवसांत एकाच पेशंटची नोंद पाच वेळा उघडली, आणि त्या पेशंटशी यांचं काम काडीचं नाही. कोण कुणाची नोंद कधी उघडतं हे टिपून ठेवणारा पहारा मीच बसवला, दोन वर्षांपूर्वी. तेव्हा सगळे हसले होते. साहेब म्हणाले होते, "हॉस्पिटल आहे हे, तिजोरी नाही." आज तेच साहेब म्हणतात, बरं झालं तुमच्यासारखं कुणीतरी आहे.

अहवाल दिला. डबा तसाच परत आणला.

५ मार्च

बाईंची बाजू कळली. पेशंट म्हणजे त्यांची शेजारीण. तपासणीचा निकाल काय येतो म्हणून घाबरून बसली होती, तर या रोज डोकावून बघत होत्या. निकाल दिसला आणि तिच्याआधी तिच्या जावेला सांगून बसल्या. झालं, घरभर.

कीव आली. पण एकदा तोंडातून गेलेली गोष्ट परत आत घालता येत नाही. हे मला कुणी शिकवायला नको.

७ मार्च, शुक्रवार

बाईंना काढलं. लिफ्टपाशी गाठ पडली. हातात पिशवी, पिशवीत चहाचा कप आणि ऑफिसातल्या चपला. वाटलं, आता चार शब्द ऐकावे लागणार. तर म्हणाल्या, "मॅडम, तुम्हाला एक सांगायचं होतं. सोमवारपासून मनात आहे. पण ते दुसऱ्याच्या नोंदीतलं आहे." मी लिफ्टचं बटण दाबलं. "जाऊ दे. तुमचेच नियम." लिफ्ट आली, त्या गेल्या.

जाता जाता टोमणा मारून घेतला, दुसरं काय.

१० मार्च, सोमवार

दुहेरी नोंदींची साफसफाई. माणूस वर्षांनी परत येतो, खिडकीवर रांग असते, जुनी नोंद शोधायचा कंटाळा — नवीच करून टाकतात. मग एकाच माणसाची दोन माणसं होऊन बसतात. ती मी एक करते. नियम माझाच : जुनी नोंद खरी. पत्ता, फोन, नातेवाईक जुन्यातले ठेवायचे. नव्यातल्या फक्त तपासण्या आणि औषधं उचलायची. घाईत लिहिलेल्याचा काय भरवसा?

दोनशे बारा जोड्या होत्या. एकशे चाळिसावी — दादा.

माझा दादा. नाव तेच, जन्मतारीख तीच. यादीत नोंदीच्या क्रमांकापुढे तेवढंच दिसतं, आणि वॉर्ड, भरतीची तारीख. पहिला मजला, तीन मार्च. म्हणजे आठवडाभर माझ्या पायाखाली दोन मजले झोपून आहे!

नोंद उघडली असती तर काय झालंय ते एका क्षणात कळलं असतं. नाही उघडली. बटण दाबलं. दोनशे बाराच्या दोनशे बारा जोड्या एक झाल्या, एकही चूक नाही.

११ मार्च

सहा वर्षं झाली. दादाने नोकरी सोडली ते मला एकटीला सांगितलं होतं. "दुसरी लागेपर्यंत घरी बोलू नकोस." मी संध्याकाळच्या जेवणाच्या आत बाबांना सांगून मोकळी. वाईट मनाने नाही. पोटात राहिना. बाबांचा पारा चढला, नको नको ते बोलले, तोंड दाखवू नकोस म्हणाले. त्याने शब्द पाळला. बाबा गेले तेव्हा दारात उभा राहिला आणि तिथूनच परत फिरला. माझ्याशी शेवटचं बोलला ते असं : "तुझ्या तोंडात तीळ भिजत नाही."

लहानपणीही हेच म्हणायचा, पण तेव्हा हसून. घड्याळ त्याने फोडलं, सांगितलं मी. शाळा बुडवून पोहायला तो गेला, सांगितलं मी.

आता साडेचार लाख माणसांची दुखणी माझ्या हाताखाली असतात आणि एक अक्षर कुणाला कळत नाही. हे त्याला दाखवायची फार इच्छा आहे मला. आणि खाली गेले तर पहिला प्रश्न काय येणार? तुला कुणी सांगितलं!

१२ मार्च

भाजी निवडताना आई एकदम म्हणाली, "कुठे असेल गं तो?"

मी म्हटलं, "कोण?" लाज वाटली विचारताना.

"कोण काय कोण."

ओठांवर आलं होतं. गिळलं. शेवटी बाईंना ज्यासाठी घरी पाठवलं तेच मी करायचं? आई देठं मोडत बसली.

गिळल्यावर क्षणभर बरंही वाटलं. लिहायचंच तर खरं लिहावं.

१४ मार्च

लिफ्ट सोडून जिन्याने उतरले. पहिल्या मजल्यावर थांबले. दार ढकललं नाही.

१७ मार्च, सोमवार

पुरे झालं. आज आईने त्याचा जुना स्वेटर धुऊन वाळत टाकला. विचारलं तर म्हणे कसर लागते. उद्या दुपारी जेवणाच्या सुट्टीत खाली जाणार. नोंद उघडणार नाही, नुसती जाणार. कुणी सांगितलं विचारलं तर सांगेन, नाव दिसलं रे, राहवलं नाही. म्हणू दे काय म्हणायचं ते. मग आईला घेऊन येईन.

१८ मार्च

साडेदहाला पहिल्या मजल्यावरून मुख्य सिस्टरांचा फोन. "मॅडम, एका पेशंटच्या नातेवाइकांचा नंबर लागत नाहीये. काल संध्याकाळपासून लावतोय. तुमच्याकडे दुसरा काही आहे का बघा." नोंदीचा क्रमांक सांगितला. तो मला पाठ होता.

"पेशंट कसे आहेत?" मी विचारलं.

"सकाळी सहाला गेले."

मग उघडली. आता परवानगी होती ना! नातेवाईक : वडील. फोन : आमच्या जुन्या घराचा. नऊ वर्षांपूर्वी त्याचा हात मोडला होता, तेव्हाची नोंद. बाबांना जाऊन चार वर्षं झाली, तो फोन त्याच्याही आधी बंद झाला. रात्रभर ते माझ्या मेलेल्या बापाला फोन लावत होते.

जुनी नोंद खरी. माझाच नियम.

१९ मार्च

दहा तारखेच्या आधीची राखीव प्रत काढली. दादाची नवी नोंद तिच्यात शाबूत आहे, घाईत लिहिलेली, भरवसा नसलेली. नातेवाईक : धाकटी बहीण. फोन : माझा. पत्ता : याच इमारतीत, तिसरा मजला, संगणक विभाग. खाली नोंद करणारीचं नाव — खिडकीवरच्या बाई.

सोमवारपासून मनात आहे, म्हणाल्या होत्या. अहवालात मीच लिहिलं होतं, "गोपनीयतेची जाण नाही."

आईला सगळं सांगितलं. काही राखून ठेवलं नाही. ती एवढंच म्हणाली, "तुला माहीत होतं?" मग उठून आत गेली. मी तिच्या जागी असते तर मला घराबाहेर काढलं असतं.

२१ मार्च, शुक्रवार

दादाचं सामान आणायला वॉर्डात गेले. चष्मा, कंगवा, एक वही कोरी. पलंगाशेजारी दोन खुर्च्या. बाकीच्यांकडे एकेक. सिस्टर म्हणाल्या, "यांनीच मागून घेतली दुसरी. दोघी येतील म्हणायचे. आम्ही रोज विचारायचो, घरी कुणाला फोन करू का? तर हसायचे. म्हणायचे, बहिणीला फोन कशाला? तिच्या तोंडात तीळ भिजत नाही. नाव दिसलं की संध्याकाळच्या आत आईला घेऊन येते की नाही बघा."