लाल टिळ्याचं नाणं

तुझ्यापायी या वयात मला स्वतःच्याच घरात चोरी करावी लागली. भिंतीवरची चौकट उतरवली, काच सरकवताना अंगठा कापला, आणि तुझी आई सकाळपासून मांजराला शिव्या घालतेय. घालू दे.

प्रिय कयल,

चौकटीतलं नाणं या पत्रासोबत येतंय. अण्णादुरैंच्या शताब्दीचं, पाचाचं. फुलवाली सेल्वी आजच तुमच्या तिरुप्पूरला मुलाकडे निघालीय, तिच्या टोपलीतून. आधी ते उजेडात धर. कपाळाच्या खाचेत लाल दिसतंय? अकरा वर्षांची घोडी होतीस, आईचा नखांचा रंग घेऊन टिळा लावलास. तुझे आजोबा, आपले तात्ता, ओरडले, "माझ्या घरात कुणाच्या कपाळाला काही लागत नाही, आणि तू थेट अण्णांनाच लावलंस?" मग स्वतःच हसत सुटले. किती घासलं तरी ते गेलं नाही. दुसरं कुठलंही नाणं घेऊन कुणी माझं नाव सांगितलं, तर त्याला दारात उभं करू नकोस.

बँकेतून ते आणलं त्या दिवशी तात्तांनी माझ्या तळहातावर ठेवलं आणि म्हणाले, "वाच." दुसरीतून शाळा सुटलेली मी. पण त्यावर अण्णांची सही आहे, आपल्या तमिळ अक्षरांत. वाचली. सरकारच्या पैशावर अशी सही मी तोवर पाहिली नव्हती. म्हातारा असा बघत होता, जणू ती त्यानंच कोरली.

त्याला कारण होतं. आमचं लग्न भटजीशिवाय झालं. मंत्र नाही, मंगळसूत्र नाही, दोन हार आणि तासभर भाषणं. माझी आई गावभर सांगायची, "रासाम्बाळ ठेवलेली आहे, लग्न कुठलं?" कोर्टही तेच म्हणायचं. मग अण्णांचं सरकार आलं, तसल्या लग्नांचा कायदा झाला, आणि तुझा बाप पोटात असताना माझं लग्न लग्न ठरलं. पण खरं सांगते, आम्ही भटजी टाकला, जात नाही टाकली. दोघं एकाच जातीचे होतो, म्हणून एवढे धीट. तू आमच्या पुढे गेलीस, पलीकडच्या वस्तीतल्या मुगिलनला हार घातलास. आणि हेच नाणं दाखवत लोकांच्या लग्नांत भाषणं ठोकणारा तुझा बाप तीन दिवस जेवला नाही.

तो चिडलेला होता तोवर मी निर्धास्त होते. गेल्या आठवड्यापासून तो गोड बोलतोय. मला विचारतो, "अम्मा, कॉफीत साखर बरोबर आहे ना?" छप्पन्न वर्षांत कधी विचारलं नव्हतं. तेव्हापासून मी कान उघडे ठेवून आहे.

काल तुझा मामा आला. दोघं ओट्यावर बसले, मी आत चिंच निवडत होते. मामा म्हणाला, "पोरगी एकदा घरी आली की पोरगा मागोमाग येतोच. मग त्याचं बघू." तुझा बाप काही बोलला नाही. मी वाट बघितली, कयल. सगळी चिंच निवडून झाली. मग दोघं आत आले, मला खाटेवर आडवं केलं, नाकाला नळी चिकटवली नि फोटो काढला. तुझा मामा म्हणतो, "अत्तै, तोंड जरा उघडं ठेवा." शुक्रवारी तो फोटो तुला येईल, की पाट्टी शेवटच्या घटका मोजतेय, लगेच ये. मी काही मोजत नाहीये. आज तीन इडल्या खाल्ल्या. येऊ नकोस. उद्या खरोखर मेले, तरी येऊ नकोस. मला जाळायला चार माणसं पुरतात. नाणं तुझ्याकडेच ठेव, म्हणजे तुला बोलवायला या घरात काही उरणार नाही.

तुझीच, धडधाकट,
रासाम्बाळ पाट्टी

उत्तर तू लिहायचं नाहीस. तू 'येत नाही' असं लिहिशील आणि रडत रडत बस धरशील. मुगिलननं लिहायचं, सेल्वीच्याच हाती द्यायचं, आणि वर 'प्रिय पाट्टी' असंच लिहायचं.